उलटा बंब

वर्टला मराठीत शब्द नाही.
सुकदेव म्हणतो रस,
परवान्याच्या कागदावर तिसरंच काही.
रंगनाथकाका तांबटांनी वाकून वास घेतला,
म्हणाले, जवाची पेज आहे ही, साखर जास्त झालेली.
तेव्हापासून अंबडच्या आमच्या शेडमध्ये पेजच.

पेज तापवणं सोपं.
दोनशे लिटरचं पातेलं, खाली बर्नर.
अठ्ठ्याण्णवला उकळी फुटते;
नाशिक उंचावर आहे, इथे शंभर कधी भरतच नाहीत.
फेस दुधासारखा वर येतो
आणि दुधासारखाच, आपली पाठ फिरायची वाट पाहतो.
झाकण ठेवायचं नाही.
वाफेबरोबर उकडलेल्या मक्याचा वास निघून जातो,
कोंडला तर महिन्याने ग्लासात भेटतो.

एक तास. मग आग बंद,
आणि भीती तिथून सुरू.
साठाच्या खाली उतरलेली पेज कुणाचीही होते:
हवेतल्या, सुकदेवच्या बाहीवरल्या, माझ्या केसांतल्या
ज्या जिवाला आधी सापडेल त्याची.
घाई करायची, पण हात न लावता.

म्हणून तर गेले होते जुन्या नाशकात
वहीच्या पानावर स्प्रिंग काढून.
काकांनी पान उलटं धरलं, सुलटं धरलं.
"जन्मभर बंब केले. पोटात आग, भोवती पाणी.
तू म्हणतेस पोटात पाणी, भोवती आग."
थोडा वेळ नुसतीच ऐरण.
"उलटा बंब. करू."

नळीत भाजलेली वाळू ठासून भरली,
दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे,
आणि एका बिनगिऱ्हाइकाच्या हंड्याभोवती
वळवत गेले, वळवत गेले.
नवव्या वेढ्याला नळी चिमटली.
काका काही बोलले नाहीत.
चिमटलं तिथे कापलं, खुंटीला टांगलं,
दुसरी नळी घेतली.
"कल्हई?" "नको, काका. तांबंच हवं."
"मग दर वेळी चिंचेनं घास. तांबं रुसतं."

वैशाखात पहिली पेज.
काका आपलं काम बघायला आले,
दारातच सांगून टाकलं, मी घेत नाही हं,
आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसले.
पाणी सोडलं. अठ्ठ्याण्णव, ऐंशी, साठ,
नळीच्या दुसऱ्या तोंडातून वाफाळतं पाणी, बादल्यांवर बादल्या.
पन्नास. बेचाळीस.
अडतीस.
अडतीस.
थर्मामीटर झटकून पाहिला. अडतीस.
टाकी पत्र्यावर, टाकीतलं पाणीच तेहतीस,
ते दुसऱ्याला काय निववणार?
यीस्टला वीस लागतं. यीस्टचं पाकीट माझ्या हातात,
आणि हातही गरम.

काकांनी नातवाला फोन लावला.
"खुंटीवरचं आण. हो, तेच, फसलेलं.
आणि येताना बर्फाची लादी."

फसलेले नऊ वेढे निळ्या ड्रममध्ये बर्फात पुरले.
पाणी आधी त्यांतून, मग पेजेत.
चौतीस.
सत्तावीस.
पेजेत चोथ्यासारखे तुकडे दिसू लागले, खाली बसू लागले.
सुकदेव म्हणाला, मॅडम, फाटली.
फाटू दे, म्हटलं, फाटायलाच हवी,
गढूळ सगळं असंच सुटतं.
(मला आठवलं, डेअरीत असताना
याच एका शब्दाला मी रात्रभर घाबरायचे.)

वीस झाले तेव्हा पाहायला कुणी नव्हतं.
मी पाकीट कापत होते,
सुकदेव झाकण उकळत्या पाण्यातून काढत होता,
आणि काका मोरीजवळ,
पहिल्या बादल्यांपैकी एकीत
कोपरापर्यंत हात बुडवून बसलेले.
साठ वर्षांचं काजळ नखांतून सुटत नव्हतं,
सुटावं अशी घाईही दिसली नाही.

"बंबाचंच पाणी की हे," म्हणाले.
मग, जरा वेळाने,
"दुसरी बादली आहे का गं?"